पाकळीचा ल

नवरात्र होऊन गेलं होतं आणि खाचरांतली भातं कापणीला आली होती. अशा घाईच्या दिवसांत पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या पाच बायका एसटीने महाडला, माझ्या दुकानात आल्या. बचत गटाच्या. कापडी पिशवीतून त्यांनी कडवे वाल, नाचणीचे पापड आणि कोकमाच्या सरबताची बाटली काढून टेबलावर मांडली. मग एकीने मोबाइल पुढे केला. "दादा, आम्हाला असा लोगो पाहिजे. भाच्याने करून दिलाय, तुम्ही फक्त नीट करा."

चित्रात एक वर्तुळ होतं. वर्तुळात रायगड, गडामागे उगवता सूर्य, खाली दोन हिरवी पानं, कडेला नथ घातलेल्या बाईचा चेहरा आणि सगळ्यांच्या बुडाशी सोनेरी इंग्रजी अक्षरांत गटाचं नाव.

मी विचारलं, "यात वाल कुठे आहेत?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकी म्हणाल्या, "वाल तर पिशवीत आहेत."

गेली पस्तीस वर्षं मी महाडच्या बाजारपेठेत पाट्या रंगवतो. आधी ब्रशने, आता बरंचसं संगणकावर. लोक मला अजून पेंटर म्हणूनच हाक मारतात. या काळात किराणावाले, शिंपी, बिरवाडीचे गॅरेजवाले, रायगडच्या वाटेवरचे खानावळवाले, सगळे असंच चित्र घेऊन आले आहेत. गड असतो, सूर्य असतो, पान असतं. माल मात्र पिशवीत राहतो. काकी अगदी बरोबर बोलल्या होत्या, आणि माझं काम पिशवीतल्या वालांपासूनच सुरू होणार होतं.

लोगो हा शब्द आमच्या धंद्यात अलीकडे आला. मी शिकलो तेव्हा त्याला 'छाप' किंवा 'मार्का' म्हणत. सावित्रीच्या खाडीतून गलबतं महाडपर्यंत येत, घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर उतरे, त्या काळापासून हे गाव व्यापाराचं. गोण्या उचलणाऱ्याला वाचता येत नसे, पण मार्का ओळखता येई. तेवढ्यावर माल योग्य वखारीत पोचायचा. माझ्या लहानपणीही पत्र्याचा कापलेला साचा गोणीवर ठेवून त्यावरून काळ्या रंगाचा बोळा फिरवलेला मी पाहिलाय. मुंबईत १९३१ साली दांडेकरांनी शाईचा कारखाना काढला तेव्हा त्या शाईला नाव दिलं 'हॉर्स ब्रँड', म्हणजे घोडा छाप. पुढे तिथूनच कॅमल शाई आली आणि शाळेतल्या प्रत्येक पोराच्या कंपासपेटीत उंट शिरला. ज्या एशियन पेंट्सच्या डब्यांतल्या रंगावर माझं घर चाललं, त्या डब्यांवर रंग आणि ब्रश घेतलेला पोरगा, गट्टू, असायचा. आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ मध्ये काढला. कंपनीने २००२ च्या सुमारास त्याला निरोप दिला. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं गावातली माणसं 'पोराचा डबा द्या' असंच म्हणत होती.

आणि आमच्याकडे तर याहून जुने धडे रायगडावरच आहेत. शिवरायांच्या पत्रांवरची अष्टकोनी राजमुद्रा सगळ्यांना माहीत असते. पत्राच्या शेवटी आणखी एक मुद्रा उमटवत, ती मर्यादा मुद्रा, हे कमी जणांना ठाऊक असतं. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही जोडलं तर ते आमचं नव्हे, एवढं ती सांगायची. आरंभाची खूण आणि शेवटाची खूण. तांब्याची शिवराई घ्या. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला छत्रपति. चित्र नाही, नक्षी जेमतेम. नुसती देवनागरी अक्षरं, आणि तीसुद्धा गावठी ठोक्याने कधी अर्धी नाण्याबाहेर गेलेली. तरी बाजारात कुणाला ती ओळखायला अडचण पडली नाही. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव कोरून ठेवलंय. एवढा मोठा गड उभारून सही केली ती पायरीवर, मोजक्या शब्दांत. मी गडावर गेलो की त्या अक्षरांपुढे थोडा वेळ बसतो. कारागिराने आपली खूण किती लहान आणि कुठे ठेवली, ते बघत राहतो.

खूण कशाला म्हणायचं हे मला खरं कळलं ते २०२१ च्या पुरात. २२ जुलैला सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या चढल्या, बाजारपेठेतले तळमजले बुडाले. पाणी उतरल्यावर जो गाळ राहिला त्यात दुकानं एकसारखी झाली. शटर वाकलेली, आतला माल एकमेकांत मिसळलेला, सगळ्यावर एकच रंग. फ्लेक्सच्या पाट्या फाटून गेल्या होत्या किंवा चिखलाची चादर झाल्या होत्या. पण पत्र्यावर एनॅमलने रंगवलेल्या जुन्या पाट्या गाळाखालून निघाल्या. ओल्या फडक्याने पुसल्या की अक्षरं वर यायची. एका किराणावाल्या शेटची पाटी मीच १९९४ मध्ये रंगवली होती. घाईत मी तिच्यातली पहिली वेलांटी जरा जास्तच लांब ओढली होती, ती पाटीच्या चौकटीला टेकली होती. मदत घेऊन आलेली बाहेरची पोरं गल्लीत दुकान शोधत होती आणि समोरच्या माडीवरच्या आजी ओरडून सांगत होत्या, "अरे, ती लांब वेलांटी दिसते ना, तेच!"

त्या आजींना दुकानाचं नाव सांगावंसं वाटलं नाही. त्यांनी खूण सांगितली.

तेव्हापासून कुणी लोगो मागायला आलं की मी एकच गोष्ट तपासतो. ही खूण दुसऱ्याला तोंडी सांगता येईल का? एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या, कधी माल न पाहिलेल्या माणसाला फोनवर चार शब्दांत सांगितली, तर तो दुकानात जाऊन नेमकी तीच वस्तू उचलेल का? स्टेट बँकेची खूण घ्या. १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ती केली. निळं वर्तुळ, मधोमध छोटं भोक, खाली चीर. मातीत काडीने काढता येईल. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण बँक तिने कधी चुकवली नाही. आता त्या बायकांचा वर्तुळ-गड-सूर्य-पानं-नथ असा लोगो फोनवर सांगून बघा. सांगणारा दमेल आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा वेगवेगळी दुकानं उभी राहतील.

मी त्यांना मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला, चहा मागवला आणि वालांबद्दल विचारत बसलो. कुठे पिकतात, कोण पेरतं, पाणी किती लागतं. भात कापलं की खाचरात जी ओल उरते तिच्यावरच आमच्याकडे वाल येतो. पाणी द्यावं लागत नाही. हिवाळ्यात शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. दाणे सुकले की वर्षभराची बेगमी. मग भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि बिरडं करायचं. मुंबईला असलेल्या आमच्या माणसांना सगळ्यात जास्त आठवण येते ती याच बिरड्याची, आणि सोलायचा सगळ्यात जास्त कंटाळाही त्यालाच. गटाच्या बायका मोड काढून सोललेले वाल विकत होत्या. त्यांच्याकडे खरोखर वेगळं काय होतं ते हेच. पापड सगळे करतात, सरबत सगळे करतात. सोलण्याचे कष्ट त्या विकत होत्या, आणि हे त्यांच्या स्वतःच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं. ते इथे सांगत नाही, त्याची नोंदणी चालू आहे. एवढंच सांगतो की त्यात 'ल' आहे.

मराठीतला ल पाकळीचा असतो. मधे देठ, दोन्ही बाजूंना दोन गोल पाकळ्या. हिंदीत लिहितात तो दंडाचा, उजवीकडे उभी रेघ असलेला. तसंच श चं. आपला देठाचा, त्यांचा गाठीचा. संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या बऱ्याचशा टंकांत आधी हिंदी वळण येतं, आणि तरुण पोरं ते तसंच पाटीवर चढवतात. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण पाटी परकी वाटते. भाच्याच्या मोबाइलवरल्या अ‍ॅपने तर इंग्रजीशिवाय काही धडपणे लिहिलंच नव्हतं. देवनागरीत करून बघितलं तर जोडाक्षरं फुटली.

मी कागदावर नुसता एक मोठा पाकळीचा ल काढला. तो काढता काढता माझ्याच लक्षात आलं, की सोललेल्या वालाची डाळिंबी अशीच तर दिसते. दोन दलं, मधून वर गेलेला मोड. पाकळ्यांना जरा फुगीर केलं, देठाला शिरोरेषेकडे जाताना हलकी कमान दिली. झालं. माझ्या पस्तीस वर्षांत इतक्या पटकन काही जुळलेलं मला आठवत नाही. जुळलं ते माझ्यामुळे नव्हे, तासभर त्या वालांबद्दल बोलत होत्या म्हणून.

मोठ्या अभिमानाने मी कागद काकींपुढे सरकवला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "मोड पाठीतून काढलात. वालाला डोळा असतो, मोड डोळ्यातून फुटतो." पिशवीतला एक दाणा काढून त्यांनी नखाने दाखवला. मी दोन्ही पाकळ्या उलट्या केल्या, डोळ्याची बाजू आत आणली. चित्रात फरक गव्हाएवढा पडला. पण आता ज्याने आयुष्यात एकदा वाल सोललाय त्याला ते खरं वाटणार होतं, आणि गिऱ्हाईक तेच होतं.

अक्षराचं वळण म्हणजे काय हे मला कमल शेडगे यांच्यामुळे कळलं. ते मला कधी भेटले नाहीत. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती यायच्या, त्यांतली नावं त्यांच्या हातची असत. मी ती कापून वहीत चिकटवायचो. नाटकाचा स्वभाव नावाच्या अक्षरांतच उतरलेला असे. चित्राची गरजच पडत नसे. २०२० च्या जुलैमध्ये ते गेले. पुढच्या जुलैत पूर आला आणि माझी वहीही गेली. र. कृ. जोशी हे दुसरे. कोल्हापूरचे, सुलेखनकार, आणि आज कितीतरी सरकारी कचेऱ्यांच्या संगणकांवर दिसणारा 'मंगल' हा टंक त्यांनी घडवलेला. आता एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे टंक कुणालाही फुकट वापरता येतात, धंद्यासाठीसुद्धा. लहान दुकानदाराने पाकिटावरच्या बारीक मजकुरासाठी ते जरूर वापरावेत, स्वच्छ वाचता येतात. नाव मात्र हाताने लिहून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. टंक सगळ्यांचा असतो, तोच पुढच्या चौकातल्या पाटीवरही भेटतो.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणतो, कारण एकदा माझ्या हातून वाईट चूक झाली आहे. पुराच्या आधी चार-पाच वर्षं, मधाच्या एका छोट्या धंद्यासाठी मी इंटरनेटवरून पान आणि थेंब उतरवून घेतले, रंग बदलला आणि लोगो म्हणून दिले. तो माणूस ते लेबल लावून मुंबईतल्या एका प्रदर्शनात गेला. समोरच्या रांगेतल्या तेलाच्या बाटल्यांवर तेच पान, तोच थेंब. गिऱ्हाईक विचारायला लागलं, तुमचीच शाखा का? तो परत आला तेव्हा माझ्यावर ओरडला नाही. उरलेली लेबलं टेबलावर ठेवून निघून गेला. त्याने दिलेले पैसे मी परत केले. पण त्याच्या मधाला त्या चार दिवसांत जे नाव मिळायला हवं होतं, ते परत करण्याजोगं नव्हतं.

आता रंग. बायकांना सोनेरी हवं होतं. सोनेरी पडद्यावर चमकतं आणि कागदावर मातकट होतं. खऱ्या सोनेरी शाईचे पैसे वेगळे मोजावे लागतात. हिरवा मीच नको म्हणालो, कारण दुकानातल्या फळीवर सगळंच हिरवं असतं. शेवटी वालाच्या सुक्या दाण्याचा तांबूस तपकिरी घेतला. एकच रंग. यामागे सौंदर्यापेक्षा हिशेब जास्त आहे. छापील पाकीट मोठ्या प्रमाणात करायचं तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि हजारोंनी पाकिटं घ्यावी लागतात. महिन्याला दोन-अडीचशे पाकिटं विकणाऱ्या गटाने त्या वाटेला जाऊ नये. साधं कोरं पाकीट, त्यावर एका रंगाचं लेबल, आणि कापडी पिशवीसाठी रबरी शिक्का. मी कुठलाही लोगो पूर्ण झाला असं मानण्याआधी त्याचा एक इंचाचा शिक्का बनवून घेतो. एका शाईत, घाईने, तिरका मारलेला शिक्का जर ओळखू आला तर ती खूण फ्लेक्सवर, रिक्षेवर, मोबाइलच्या इवल्याशा गोलात, कुठेही टिकेल. भाच्याच्या चित्राचा शिक्का केला असता तर एक डाग उमटला असता.

देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून तिला इंग्रजीपेक्षा जास्त उंची द्यावी लागते, हे लेबल करणारी पुष्कळ मुलं विसरतात. नाव दाबून बसवतात, मग वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. आणि लेबलवर जागा तरी किती उरते? वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरावं, घटक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक. हे सगळं कायद्याने हवंच. पाव किलोच्या पाकिटावर हे बसवल्यानंतर खुणेला दीड-दोन इंच मिळतात. गड, सूर्य आणि नथ त्यात कुठे मावणार?

गडाबद्दल मी त्यांना आणखी एक सांगितलं, आणि ते आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक धंदेवाल्याला सांगावंसं वाटतं. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारी खूण म्हणून वापरायला १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या कायद्याने बंदी आहे. गड पाहायला ६ जूनच्या सुमारास आणि चवदार तळ्यावर २० मार्चला माणसांचा जो महासागर महाडात येतो, तो श्रद्धेने येतो. त्याला आपले वाल जरूर विकावेत, चांगले विकावेत. पण त्याची श्रद्धा पाकिटावर छापू नये. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

'रायगड' किंवा 'महाड' हे नाव वापरायला बंदी नाही, पण ते एकट्याचं होत नाही. जागेचं नाव किंवा मालाचं साधं वर्णन यांवर व्यापारचिन्ह म्हणून सहसा हक्क मिळत नाही. उद्या शेजारची वाडीही 'रायगडचे वाल' लिहू शकते, आणि तिने लिहावंच. एखाद्या प्रदेशाच्या मालाला सामुदायिक ओळख मिळवून द्यायची तर त्याची वाट वेगळी, भौगोलिक मानांकनाची. आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये ते मिळालं. ते साऱ्या पंचक्रोशीचं असतं. गटाचा पाकळीचा ल हा गटाचा.

तो गटाचाच राहावा म्हणून नोंदणी. हे काम वाटतं तितकं अवघड नाही. आधी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट शोधून बघायचं, की तसंच दिसणारं किंवा तसंच ऐकू येणारं नाव कुणी घेतलंय का. उच्चार जवळचा असला तरी अडतं. नुसतं स्पेलिंग बदलून भागत नाही. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. पापड तिसाव्या वर्गात, सरबत बत्तिसाव्या, आणि प्रत्येक वर्गाचे पैसे वेगळे. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. तपासणीत पास झालं की चिन्ह व्यापारचिन्हांच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. अर्ज करतानाच नावाशेजारी बारीक 'टीएम' लिहिता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणी हातात येईपर्यंत लावू नये. खोटा लावणं गुन्हा आहे, आणि आमच्या बाजारात तो सर्रास लावलेला मी पाहतो. बायकांनी आधी एकाच वर्गात अर्ज केला. बाकीचं पैसे जमतील तसं. मला हे शहाणपणाचं वाटलं.

गट लहान आहे, पैसे थोडे आहेत, असं त्या सारखं म्हणत होत्या. मी त्यांना लिज्जतची गोष्ट सांगितली. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पापडात जगावेगळं काही नव्हतं. प्रत्येक पुड्यातला पापड तसाच असायचा आणि पुडाही तसाच दिसायचा, वर्षानुवर्षं. काकींनी विचारलं, "म्हणजे दर दिवाळीला नवीन डिझाइन करायचं नाही?" नाही करायचं. आमचे बरेच दुकानदार इथेच चुकतात. पहिल्या वर्षी निळी पाटी, दुसऱ्या वर्षी फ्लेक्सवाल्याने स्वस्तात दिली म्हणून लाल, व्हिजिटिंग कार्डावर तिसरंच काही. गिऱ्हाईक आपल्या मालाकडे दुकानदाराइतकं टक लावून बघत नाही. त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा, तशीच्या तशी दिसावी लागते. मी बायकांना एका कागदावर सगळं लिहून दिलं. खूण अशी, रंगाचं हे मिश्रण, नाव या बाजूला, चारी कडांना एवढी मोकळी जागा. छापणारा कुणीही असो, हा कागद त्याच्या हातात द्यायचा. तो कागद त्यांनी गटाच्या पासबुकात ठेवलाय. माझे झाले ४,००० रुपये, तेही दोन हप्त्यांत.

फेब्रुवारीत नवे वाल आले तेव्हा मी पोलादपूरला गेलो होतो. मुंबई-गोवा रस्ता आमच्या भागात चौपदरी झाल्यापासून गाड्या थांबायच्या कमी झाल्यात. ज्यांना महाबळेश्वरकडे वळायचं असतं त्या तेवढ्या हळू होतात. बायकांनी वळणावर टेबल मांडलं होतं आणि माझ्याकडून नेलेलं कापड बांधलं होतं. त्यावर नाव लहान आणि ल माणसाच्या छातीएवढा. पाटीचा आमचा जुना ठोकताळा आहे, दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच उंच. धावत्या गाडीला तेवढं पुरत नाही, म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, नाव वाचलं जाणार नाही, ल दिसू दे. एक गाडी पुढे जाऊन मागे आली. आतल्या बाईंनी काच खाली केली आणि विचारलं, "बिरडं आहे का? सोललेलं?" कापडावर 'बिरडं' हा शब्द कुठेही नव्हता.

गेल्या आठवड्यात ते किराणावाले शेट आले. लांब वेलांटीवाले. मुलाने दुकान वाढवलंय, आता चमकणारी पाटी हवी. मुलाला नाव इंग्रजीत मोठं आणि मराठी खाली बारीक पाहिजे होतं. मी त्याला २०२२ चा कायदा समजावला. दुकान कितीही लहान असो, पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान चालत नाही. तो तयार झाला. मग मी म्हटलं, या खेपेला ती वेलांटी बरोबर मापात काढतो, तीस वर्षं माझ्या डोळ्याला सलतेय.

शेट खुर्चीवरून उठले. "पेंटर, हात लावू नका तिला."

जुनी पाटी त्यांनी टेम्पोतून आणली. तिच्या खालच्या कडेला अजून पुराची रेघ आहे. मी पाटी आडवी ठेवली, वर बटर पेपर चिकटवला आणि पेन्सिलीला टोक काढून त्या वेलांटीवरून हात फिरवायला सुरुवात केली, चौकटीला टेकते तिथपर्यंत.